पडद्यावरचं गवत

रडारच्या जुन्या पडद्यावर एक आडवी हिरवी रेघ असायची. ती कधीच सरळ नसायची. तिच्यावर बारीक काटे सतत उगवत आणि मिटत राहायचे, वाऱ्यावर हलणाऱ्या पात्यांसारखे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणारी पोरं त्याला गवतच म्हणायची. त्या गवतातून एखादं पातं इतरांपेक्षा उंच वर आलं आणि जागेवर टिकून राहिलं, की विमान आलं असं समजायचं. बाकीच्या गवताशी कुणाला काही घेणं नव्हतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचं बंदर आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी ते भाजून काढलं होतं, त्यामुळे तिथल्या किनाऱ्यावर रडार ठाणी उभी राहिली. डार्विनजवळच्या ली पॉइंटवरच्या अशाच एका ठाण्यावर ब्रूस स्ली नावाचा, जेमतेम विशी ओलांडलेला तरुण हवाई दलात रडार मेकॅनिक होता. संच चालू ठेवणं हे त्याचं काम. युद्ध संपत आलं, मग संपलं, आणि त्याच सुमारास त्याच्या लक्षात आलं की सूर्य समुद्रावर टेकतो त्या वेळी, अँटेना त्या दिशेला असेल तर, पडद्यावरचं गवत वाढतं.

विमान नाही, वादळ नाही, शत्रूचा उपद्व्याप नाही. फक्त सूर्य मावळतोय, आणि गवत वाढतंय.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सूर्यापेक्षा त्या मेकॅनिकचं जास्त नवल वाटलं. दुर्बिणीशी त्याचा संबंध नव्हता, विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. त्याच्याकडे होती बिघाड शोधायची शिस्त. लष्कराच्या वर्कशॉपमधून बाहेरच्या जगात येणारा माणूस नेमकं काय घेऊन येतो, या प्रश्नाचं इतकं लख्ख उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

तेव्हा आधी ती शिस्त काय असते ते पाहू. रडारचा संच म्हणजे एक लांबलचक साखळी. अँटेनात आलेली क्षीण लहर पहिल्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे निर्वात नळीत, वाढवायची, मग तिची वारंवारता खाली आणायची, मग एकामागून एक टप्प्यांत ती पुन्हा पुन्हा वाढवायची, शेवटी तिच्यातला उपयोगाचा भाग वेगळा काढून पडद्याकडे धाडायचा. यातली एक कडी निकामी झाली की सगळा संच आंधळा. नवखा माणूस एका टोकापासून एकेक कडी तपासत जातो. शिकलेला मेकॅनिक थेट मधोमध हात घालतो. मध्यापर्यंत सिग्नल ठीक असेल तर पहिली अर्धी साखळी निर्दोष, ती सोडून द्यायची. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. अशा रीतीने ६४ कड्यांतली बिघडलेली एक कडी फक्त सहा तपासण्यांत हाती लागते. कड्या हजाराच्या वर गेल्या, १,०२४ झाल्या, तरी तपासण्या दहाच. गणितात हे सोपं आहे. पण दमट हवेत, बुरशी चढलेल्या वायरिंगपुढे, खांद्यामागे अधिकारी उभा असताना हे शांतपणे करायला हात तयार व्हावा लागतो.

आणि गवत का वाढलं, हे शोधायची पहिली पायरी म्हणजे स्वतःच्याच संचावर संशय घेणं. अँटेनाची तार काढायची, तिच्या जागी एक साधा रेझिस्टर जोडायचा आणि पडद्याकडे बघायचं. गवत तेवढंच राहिलं तर दोष आपल्या पेटीत आहे. गवत खाली बसलं तर ते बाहेरून येतंय. बाहेरून येत असेल तर अँटेना फिरवायची आणि कुठल्या दिशेला ते जास्त वाढतं ते पाहायचं. मग घड्याळ बघून वहीत नोंद करायची, कारण उद्या पुन्हा त्याच वेळी तसं घडलं तर तो योगायोग राहत नाही. लॉगबुकाची ही सवय फौजेत अंगवळणी पडते, कारण तुमची पाळी संपल्यावर येणाऱ्या माणसाला संच कसा वागला हे कळलंच पाहिजे.

हे गवत मुळात येतं तरी कुठून? उष्णतेतून. कुठल्याही तारेतले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसलेले नसतात. जितकी ऊब, तितकी त्यांची धावपळ, आणि त्या धावपळीतून प्रत्येक ऊबदार वस्तू थोडी थोडी रेडिओ खरखर बाहेर टाकत असते. भिंत टाकते, झाड टाकतं, आपण टाकतो. सूर्यही टाकतो. त्याचा डोळ्याला दिसणारा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, पण त्याच्याभोवतीचं विरळ वायूचं आवरण, खग्रास ग्रहणात दिसतो तो किरीट, दहा लाख अंशांच्या घरात तापलेला असतो. दीड-दोन मीटर लांबीच्या लहरींत आपल्याला जो सूर्य 'ऐकू' येतो तो हा किरीट. त्यात सौरडागांचा मोठा समूह समोर आला की ही खरखर कित्येक पटींनी उसळते. ली पॉइंटवरचं गवत ही एका ताऱ्याची धग होती.

मग ती नेमकी सूर्यास्तालाच का जाणवावी? याचं उत्तर रडारच्या घडणीत आहे. त्या काळातली बरीच टेहळणी रडारं क्षितिजाकडे तोंड करून गोल फिरायची. वर बघायची सोयच नसायची. दुपारी सूर्य डोक्यावर असताना तो अँटेनाच्या नजरेत येतच नसे. उगवताना आणि मावळताना मात्र तो अलगद तिच्या टप्प्यात उतरायचा.

स्ली एकटा नव्हता, हे या गोष्टीतलं आणखी एक नवल. काही वर्षं आधी, फेब्रुवारी १९४२ च्या अखेरीस, इंग्लंडच्या विमानविरोधी तोफांना दिशा देणारी रडारं अचानक खरखरीने भरून गेली. थोड्याच दिवसांपूर्वी जर्मनांनी ब्रिटिश रडार बधिर करून आपल्या दोन मोठ्या युद्धनौका इंग्लिश खाडीतून सुखरूप काढल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा आला. चौकशीचं काम लष्करी संशोधन गटातल्या जेम्स स्टॅन्ली हेय या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. त्याने ठिकठिकाणच्या ठाण्यांनी कळवलेल्या दिशा एकत्र मांडल्या, तर सगळ्या सूर्याकडे बोट दाखवत होत्या आणि दिवसभर सूर्याबरोबर सरकत होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेकडे विचारणा केली, तेव्हा सूर्यबिंबावर मोठा डाग असल्याचं कळलं. शोध लागला, पण युद्ध चालू होतं. तो गुपितांच्या फाइलीत गेला आणि १९४६ मध्येच जगासमोर आला.

१९४५ च्या मार्च महिन्यात प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावर न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या रडार चालकांनाही हेच दिसलं, सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला. त्यांचा अहवाल एलिझाबेथ अलेक्झांडर या शास्त्रज्ञ बाईंकडे गेला. त्यांनी तो बाजूला टाकला नाही. आणखी ठाण्यांना मुद्दाम निरीक्षणं करून नोंदी ठेवायला सांगितलं. हे ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांचं काम एकच होतं. संच नीट चालतोय की नाही, यावर डोळा ठेवणं.

स्लीने आपली निरीक्षणं सिडनीच्या रेडिओफिजिक्स प्रयोगशाळेला लिहून कळवली. ही प्रयोगशाळा १९३९ मध्ये, युद्धाची चाहूल लागताच, रडार बनवण्यासाठी गुपचूप उभी राहिली होती. युद्ध संपलं तेव्हा तिच्याकडे उत्तम उपकरणं होती, कसलेली माणसं होती, आणि शत्रू उरला नव्हता. आता या सगळ्याचं करायचं काय? तिथल्या जोसेफ पावसी या शांत स्वभावाच्या माणसाने त्या खरखरीलाच विषय केलं. त्याच्या गटात रूबी पेन-स्कॉट होती. युद्धकाळात तिने रडारचे ग्राहक (रिसीव्हर) आणि पडदे पारखले होते आणि आता ती तीच नजर सूर्याकडे वळवत होती. अशा ठिकाणी डार्विनच्या मेकॅनिकचं पत्र पोचलं. १९४६ मध्येच स्लीला तिथे तंत्रसहायकाची नोकरी मिळाली.

नौदलातून सुटून आलेला जॉन बोल्टनही त्याच वर्षी तिथे रुजू झाला. युद्धात त्याने आधी विमानांतल्या रडारवर काम केलं होतं आणि नंतर तो 'युनिकॉर्न' या विमानवाहू जहाजावर रेडिओ अधिकारी होता. बोल्टन, इलेक्ट्रॉनिक्समधला हुशार हात गॉर्डन स्टॅन्ली, आणि स्ली असं त्रिकूट जमलं. त्यांना जागा मिळाली सिडनीच्या डोव्हर हाइट्स या कड्यावर. खाली प्रशांत महासागर, वर युद्धकाळातलं रडार ठाणं. दुर्बीण म्हणून त्यांच्याजवळ रडारचीच अँटेना होती, क्षितिजाकडे बघणारी.

या अँटेनांनी जे केलं ते समजून घ्यायला क्षणभर थांबलं पाहिजे. कड्यावरच्या अँटेनाकडे, क्षितिजावरून वर येणाऱ्या एखाद्या ताऱ्याची लहर दोन वाटांनी येते. एक थेट. दुसरी समुद्राच्या पाण्यावर आपटून, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. दोघींच्या वाटेच्या लांबीत जरासा फरक असतो. कधी त्या एकीवर एक चढतात आणि सिग्नल फुगतो, कधी एकमेकींना खोडतात आणि सिग्नल बुडतो. तारा वर चढेल तसा हा फरक बदलत जातो आणि कागदावर लाटांसारखी नोंद उमटते. ती लाट किती ठळक आहे यावरून कळतं की खरखर आकाशाच्या पसरट भागातून येतेय की एखाद्या बारीक ठिपक्यातून.

रडारवाल्यांना हा चाळा आधीपासून ठाऊक होता. समुद्रावरून येणारं विमान पडद्यावर मधेच फिकं पडायचं, पुन्हा उजळायचं, ते याच कारणाने. जहाजांवरचे चालक त्या फिकं पडण्यावरून विमान किती उंचीवर असेल याचा अदमास बांधायचे. युद्धात जी अडचण हिशेबात धरून काम भागवलं होतं, तिचंच त्यांनी आता मोजमापाचं साधन केलं.

१९४९ मध्ये बोल्टन, स्टॅन्ली आणि स्ली या तिघांच्या नावाने एक छोटा निबंध आला. आकाशातल्या तीन रेडिओ ठिपक्यांच्या जागा त्यांनी इतक्या काटेकोर काढल्या होत्या की दुर्बिणीतून तिथे काय दिसतं ते सांगता आलं. एक होता खेकडा तेजोमेघ, इ.स. १०५४ मध्ये चिनी ज्योतिषांनी दिवसाढवळ्या पाहिलेल्या स्फोटक ताऱ्याचे अवशेष. दुसरे दोन कन्या आणि नरतुरंग या तारकासमूहांतले. ते दोन्ही ठिपके आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडच्या दीर्घिका आहेत हे आज आपल्याला माहीत आहे. कन्येतली पाच कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे. तीन वर्षांपूर्वी जो माणूस डार्विनच्या घामट हवेत व्हॉल्व्ह बदलत होता, त्याचं नाव या निबंधावर आहे. मी तो क्रम पुन्हा पुन्हा मनाशी जुळवतो आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

त्यानंतरची एक हकिकत तर मला फारच लाडकी आहे. या मंडळींना मोठी अँटेना हवी होती आणि पैसे मिळायची चिन्हं नव्हती. १९५१ मध्ये त्यांनी कड्यावरच्या वाळूतच फावडी घेऊन खणायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत, वरिष्ठांच्या कानावर न घालता, साधारण तीन महिने. २२ मीटर रुंदीचा, थाळीसारखा खोलगट खड्डा तयार झाला. आतून अस्तर म्हणून त्यांनी लाकडी खोक्यांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या अंथरल्या. मधोमध एक खांब, त्यावर लहर गोळा करणारी दांडी. ही डिश कुठेच वळत नव्हती. पृथ्वी फिरेल तसं आकाशच तिच्यावरून सरकायचं. पण सिडनीच्या अक्षांशावरून आकाशगंगेचा मध्यभाग जवळजवळ डोक्यावरून जातो. पुढे हा खड्डा वाढवून, सिमेंट आणि जाळी घालून पक्का केला, आणि त्यातूनच धनु राशीतला तो प्रखर रेडिओ ठिपका आकाशगंगेचा केंद्रबिंदू असावा असा पुरावा पुढे आला. आज ज्या ठिकाणी महाकाय कृष्णविवर आहे म्हणतात, तीच ही जागा. हाताशी आहे त्यात काम उरकायचं, ही आघाडीवरच्या वर्कशॉपची बुद्धी तिथे फावड्याने खणत होती.

स्लीने नोकरी सांभाळत शिकून पदवी घेतली, पुढे डॉक्टरेटही मिळवली. दक्षिणेकडच्या आकाशातल्या रेडिओ उगमांची जी मोठी यादी मिल्स, स्ली आणि हिल या तीन आडनावांनी ओळखली जाते, तिच्यातलं मधलं नाव त्याचं. निवृत्तीनंतरही तो कित्येक वर्षं काम करत राहिला. २०१६ मध्ये गेला. एका लघुग्रहाला आता त्याचं नाव आहे.

युद्धानंतरच्या त्या वर्षांत अशी वाट अनेकांनी धरली. बर्नार्ड लोव्हेल बॉम्बफेकी विमानांच्या रडारवरचं काम संपवून मँचेस्टरला परतला, लष्कराचे रडार संच मागून आणले, आणि शहरातल्या विजेच्या ट्रामच्या ठिणग्यांनी पडदा भरून जातो म्हणून विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या शेतावर, जॉड्रेल बँकला, बिऱ्हाड हलवलं. तिथे पुढे ७६ मीटरची डिश उभी राहिली. ती वरखाली झुकवणारी दंतचक्रं 'रॉयल सॉव्हरिन' आणि 'रिव्हेंज' या भंगारात निघालेल्या युद्धनौकांच्या तोफांच्या बुरुजांतून काढलेली होती. हॉलंडमध्ये जर्मनांनी मागे टाकलेल्या साडेसात मीटरच्या रडार तबकडीतून आकाशगंगेतल्या हायड्रोजनची लहर पकडली गेली.

अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नौदलात रडार तंत्रज्ञ होता. रडारच्या पडद्यावर सिग्नल चित्र काढू शकतो, तर संगणकही पडद्यावर अक्षरं आणि आकृत्या काढू शकेल, ही त्याची कल्पना तिथून निघाली. संगणकाचा माउस त्याचाच. आणि जॅक किल्बी हा सैनिक तर आपल्याकडेच होता, ईशान्य भारतातल्या एका चहाच्या मळ्यावरच्या रेडिओ दुरुस्ती वर्कशॉपमध्ये. १९५८ मध्ये त्याने टेक्सासात पहिलं इंटिग्रेटेड सर्किट करून दाखवलं, २००० साली त्याला नोबेल मिळालं. दुरुस्ती करणाऱ्याला प्रत्येक सोल्डरचा जोड म्हणजे उद्याचा बिघाड वाटतो. सगळे भाग एकाच तुकड्यात कोरून जोडच नाहीसे करायची कल्पना अशा माणसाला सुचावी, यात मला मोठी संगती दिसते.

आर्नो पेन्झियासने अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये रडार अधिकारी म्हणून दोन वर्षं काढली होती. १९६४ मध्ये तो आणि रॉबर्ट विल्सन एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनातली खरखर हटवायला बसले. ती कुठेही तोंड केलं तरी तितकीच, दिवसरात्र, सगळ्या ऋतूंत. त्यांनी जोड तपासले, आत घरटं केलेली कबुतरं हलवली, त्यांची घाण पुसली. गवत तसंच राहिलं. ती विश्वाच्या जन्मानंतरची उरलेली ऊब होती, निरपेक्ष शून्याच्या वर तीनेक अंश. पूर्वी दूरदर्शनचं प्रक्षेपण संपलं की टीव्हीवर मुंग्या यायच्या, त्या मुंग्यांत थोड्या मुंग्या या आद्य उबेच्याही असायच्या.

आता सिडनीहून कल्याणला यायचं. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप हा चोविशीतला तरुण शिष्यवृत्तीवर त्याच रेडिओफिजिक्स प्रयोगशाळेत दाखल झाला. पावसीने त्याला एका गटात अडकवून न ठेवता निरनिराळ्या गटांत थोडं थोडं काम करायला लावलं. सिडनीबाहेर पॉट्स हिलच्या जलाशयाकाठी सूर्याची प्रतिमा घेण्यासाठी ३२ तबकड्या होत्या, प्रत्येकी सहा फुटी. नवं यंत्र उभं राहत असल्याने त्या मोडीत निघणार होत्या. स्वरूपने विचारलं, या भारताला द्याल का? पावसी हो म्हणाला. वाहतुकीच्या खर्चावरून गाडं बराच काळ अडलं, स्वरूप मधे अमेरिकेत जाऊन आला, पण होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६३ मध्ये तो मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला आणि १९६५ मध्ये त्या ३२ तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. २४ पूर्व-पश्चिम ओळीत, आठ दक्षिणोत्तर. ६१० मेगाहर्ट्झवर त्यांनी सूर्य ऐकायला सुरुवात केली.

त्या तबकड्या युद्धातल्या नव्हत्या. पण त्यांच्यामागची कारागिरी, थोडक्या सामानातून संवेदनशील ग्राहक बांधायचा, खरखरीचा हिशेब ठेवायचा, आपला यंत्रमेळ आपणच दुरुस्त करायचा, ती रडारच्या वर्कशॉपमधून पावसीच्या लोकांपर्यंत आणि तिथून कल्याणच्या माळावर आली. १९७० मध्ये उटीच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. मग जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून आत खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशेस. त्यातल्या १४ मधल्या भागात आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डिशला पत्रा नाही, ताणलेल्या तारांची जाळी आहे. लांब लहरींना जाळीही आरशासारखीच, आणि वारा आरपार जातो. उसाच्या फडामागून एकाएकी ती पांढरी जाळी दिसते तेव्हा डोळ्यांना तिचा आकार कळायला थोडा वेळ लागतो.

खोडदची जागा निवडली ती शांततेसाठी. भोवतालचे डोंगर शहरांची रेडिओ गडबड अडवतात. तरी गडबड येतेच. विजेच्या तारेवर एखादा चिमटा सैल झाला की तिथे ठिणगी उडत राहते आणि ती या दुर्बिणीला आकाशातल्या कुठल्याही दीर्घिकेपेक्षा मोठ्याने ऐकू येते. मग माणसं अँटेना घेऊन, तारांच्या कडेने, तो सैल जोड शोधत फिरतात. खरखर पेटीतली की बाहेरची, बाहेरची तर कुठल्या दिशेची? ली पॉइंटवरचाच प्रश्न.

हे सगळं मनात असल्यामुळे, आपल्याकडे फौजेतून पेन्शनीवर आलेला एखादा सिग्नल किंवा ईएमईचा (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलाचा) हवालदार दिसला की मी थांबून बोलतो. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या गावांत अशी माणसं घरोघर आहेत. त्यातले बरेच चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात. निम्मं आयुष्य पुढे पडलेलं असतं, हातात पंधरा-वीस वर्षांची तपासणीची सवय असते, आणि सांगायला मात्र एका ट्रेडचं नाव, जे मुलाखत घेणाऱ्याच्या ओळखीचं नसतं. अमुक रडार, तमुक रेडिओ संच. बरंचसं तर सांगायचीच मुभा नसते. अशा वेळी मला त्यांना एक सांगावंसं वाटतं: काका, संचाचं नाव सोडा, तुम्ही त्याच्याशी काय करत होता ते सांगा.

कारण पेटी बदलली तरी साखळी तीच आहे. रुग्णालयातलं एमआरआय यंत्र घ्या. दीड टेस्लाच्या चुंबकात माणूस झोपतो, त्याच्या शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनची अणुकेंद्रं सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या स्पंदाने हलवली जातात, आणि ती उलट जे कुजबुजतात ते अँटेना गोळा करते, ग्राहक वाढवतो, पडदा दाखवतो. स्पंद पाठवा, प्रतिसाद ऐका. रडारचंच सूत्र, शत्रूच्या विमानाऐवजी आजीच्या गुडघ्यावर. या यंत्राची खोलीही तांब्याच्या जाळीने मढवलेली असते, बाहेरची खरखर आत येऊ नये म्हणून. एखाद्या ठिकाणी प्रतिमेवर उगीच एक रेघ उमटत असेल तर दाराच्या फटीपासून दिव्याच्या होल्डरपर्यंत संशय घेत जाणारा माणूस लागतो. विमानतळावरची दिशादर्शक यंत्रणा, मोबाइलचे मनोरे, पवनचक्कीच्या शेंड्यावरचं नियंत्रण, सगळीकडे तोच माणूस लागतो.

आणि इथे मला खरोखर वाईट वाटतं ते कागदाचं. केंद्र सरकारच्या नियमांत अशी सोय आहे की पंधरा वर्षं सेवा झालेला दहावी उत्तीर्ण माजी सैनिक गट 'क' मधल्या राखीव जागांवर, पदवी लागत असली तरी, पात्र धरता येतो. चांगली सोय आहे. पण ती आहे तांत्रिक अनुभव आवश्यक नसलेल्या पदांसाठी. म्हणजे ज्याच्या हातात तंत्र आहे त्याला त्या वाटेने बहुधा तंत्रापासून दूरच जावं लागतं. स्लीला रेडिओफिजिक्सने आधी दारातून आत घेतलं, कामाला लावलं, आणि पदवी त्याने मागाहून, काम करता करता मिळवली. ली पॉइंटहून आलेलं पत्र कुणीतरी नीट वाचलं, म्हणून हे झालं. आपल्याकडच्या किती लॉगबुकांत, किती नोंदींत असं काही पडून असेल, या विचाराने मला झोप लागत नाही अशा रात्री गेल्या आहेत.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं 'स्कियापारेली' हे लहानसं यान मंगळावर उतरू पाहत होतं. त्याचा रेडिओ मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाशी बोलण्यापुरता. पृथ्वीपर्यंत ऐकू जावा म्हणून तो बनवलेलाच नव्हता. लहर इथवर यायला जवळजवळ दहा मिनिटं लागत होती. खोडदच्या डिशेस मंगळाकडे वळवल्या गेल्या. पडद्यावर सगळीकडे तेच गवत होतं, यंत्राचं, जमिनीचं, आकाशाचं, आणि त्यातून एक बारीक रेघ वर आली. यान वातावरणात शिरलं तशी ती रेघ सरकली, हवाई छत्री उघडल्याचं तिच्यात उमटलं. उतरायच्या ठरल्या वेळेला थोडाच अवकाश असताना ती थांबली. नंतर बराच वेळ लोक पडद्याकडे बघत राहिले, फक्त गवताकडे.